ही गाडी पिवळी आहे

गाडी खुळखुळली नाही, तेव्हा खिम फाटकापर्यंत धावत गेली.

रोज सकाळी तिच्या बाबांची, प्रासित मिस्त्रींची, व्हॅन अंगणातून बाहेर पडली की अख्ख्या गल्लीला कळायचं. आधी पाइपांचा खणखणाट, मग पान्यांची आदळआपट आणि कोपऱ्यावरच्या वळणाला एक रिकामा पत्र्याचा डबा या भिंतीवरून त्या भिंतीवर. आज गाडी निघाली, वळली, दिसेनाशी झाली, तरी चूं नाही की चां नाही. एखादी मांजर जावी तशी गेली.

फाटकाशी उभी राहून खिम स्वतःला समजावत होती, की हेच तर हवं होतं. आवाज नाही म्हणजे सगळं जागच्या जागी आहे. आणि वस्तू जागच्या जागी ठेवणं हा तर तिच्या अभ्यासाचाच विषय. चार वर्षं चियांगमाईला राहून तिनं व्यवस्थापनाची पदवी घेतली होती. (पदवी घेऊन घरी आल्याला सात महिने झाले होते. एवढ्या दिवसांत तिनं चार ठिकाणी अर्ज केले, दोन ठिकाणी मुलाखतीला गेली, आणि त्यातल्या एका ठिकाणाहून, दार आपोआप उघडलं म्हणून दचकून परत आली.)

सगळ्याची सुरुवात एका चिकटपट्टीपासून झाली. बाबा दोन दिवस आत्याच्या नातवाच्या दीक्षेला गेले होते, बसनं. आई नोंग-सायच्या विहारात स्वयंपाकाच्या तयारीला. खिमला आपली प्रमाणपत्रं बांधायला चिकटपट्टी हवी होती, म्हणून तिनं व्हॅनचं मागचं दार उघडलं. उघडताच एक पाइप सरळ तिच्या अंगावर आला. ती एवढ्या मोठ्यानं किंचाळली, की शेजारच्या लमून मावशी हातात झारा घेऊन धावत आल्या. पाइप प्लॅस्टिकचा होता, आणि लागला नव्हताच. पण त्या क्षणी खिमनं ठरवलं, की आपण आता या गाडीतलं सामान नीट लावायचं.

मिस्त्री पंप दुरुस्त करायचे. विहिरींचे, शेतांचे, घरांचे. एकवीस वर्षांत ज्या ज्या पंपाला त्यांनी हात लावला, त्याचं काही ना काही गाडीत शिल्लक होतं. नट बोल्टांत, बोल्ट जुन्या विजारीच्या खिशांत, विजार बादलीत, आणि बादली कशाखाली आहे ते फक्त मिस्त्रींना ठाऊक. ते आत न बघता हात घालायचे आणि हवी ती वस्तू वर यायची. खिमनं हात घातला तर वर आली एक पाल.

दोन दिवस ती खपली. झाकणाचे चौतीस पारदर्शक डबे आणले, फळ्या ठोकून घेतल्या, डबे हलू नयेत म्हणून पट्टे लावले. प्रत्येक डब्यावर छापील लेबल, आणि डबे मुळाक्षरांच्या क्रमानं. मोठा पाइप-पाना पान्यांत ठेवावा की मोठ्या वस्तूंत, यावर तिनं दीड तास विचार केला. शेवटी त्याला स्वतःचा वेगळा डबा दिला. ज्या वस्तू कशाच्या ते तिला कळेना, त्यांच्यासाठी ‘कशाचं ते कळत नाही’ असा एक डबा केला. हा डबा वाढत वाढत इतका मोठा झाला, की गाडीत मावेना. तो तिनं घरात जिन्याखाली ठेवला. तात्पुरता.

आणि सगळं झाल्यावर, गाडी धुताना, मागच्या काचेखालचं एक मळकट स्टिकर तिनं गरम पाण्यानं सोडवून काढलं.

बाबा काल संध्याकाळी परतले. त्यांनी मागचं दार उघडलं आणि एकेक लेबल वाचलं. खिम नखं खात उभी होती.

“बापरे,” ते म्हणाले.

मग त्यांनी पायातल्या चपला काढल्या, बाजूला ठेवल्या आणि जरा पुढे वाकून बघितलं.

“आवडलं का, बाबा?”

“छान आहे,” मिस्त्री म्हणाले. “फार म्हणजे फारच छान आहे.” आणि त्यांनी दार इतकं हळू लावलं, जसं काही आत कोणी झोपलं होतं.

आज सकाळी निघतानाही त्यांनी विचारलं होतं, “खिम, वळणावर हे डबे हलणार नाहीत ना?”

“नाही बाबा. पट्टे आहेत.”

“तरी मी आपला सावकाश जातो.”

आज उशीर चालणार नव्हता, तरीही. नोंग-सायच्या विहाराचा पंप तीन दिवस बंद होता. आज तिथे नव्या टाकीचा मुहूर्त होता, नऊ वाजून एकोणचाळीस मिनिटांचा. नऊ भन्ते यायचे होते, मंत्रपठण व्हायचं होतं, बरोबर एकोणचाळीसला नळाला पाणी यायचं होतं आणि त्या पाण्यावर भन्त्यांचा स्वयंपाक व्हायचा होता. भन्ते बारानंतर घास घेत नाहीत. बारापर्यंत ताट वाढलं नाही, तर नऊ भन्ते उद्या सकाळपर्यंत उपाशी, आणि तेही अख्ख्या गावासमोर. शिवाय हे काम बुनलू मिस्त्रींना द्यावं असं गावातल्या निम्म्या लोकांचं म्हणणं होतं. बुनलू मिस्त्री म्हणजे सगळं सामान एका पोत्यात घालून फिरणारा माणूस. ते आज मुद्दाम बघायला येणार होते.

खिम घरात आली. मन स्थिर करावं म्हणून जिन्याखालच्या डब्यावर बसली. बसली आणि लगेच उठली, कारण झाकण करकरलं. झाकण नीट लावायला म्हणून तिनं ते उघडलं.

सगळ्यात वर बशीएवढं, जाड रबराचं एक वायसर होतं. नवंकोरं. त्यावर बाबांच्या अक्षरात, खडूनं लिहिलेलं होतं: ‘नोंग-साय विहार, रविवार’.

आज रविवार होता.

परवा हे वायसर हातात आलं होतं, तेव्हा तिनं तो खडू वाचला होता, हे तिला आता स्वच्छ आठवलं. वस्तूवर वस्तूचं नाव असायला हवं, गिऱ्हाइकाचं नव्हे, असंही तिनं तेव्हा मनाशी म्हटलं होतं.

तिनं बाबांना फोन लावला. वाजला, वाजला आणि बंद झाला. पुन्हा लावला. मग आईला. आईचा फोन नेहमी पिशवीत, पिशवी कुठल्यातरी खुंटीला, आणि आई चुलीपाशी. पुन्हा बाबा. पुन्हा आई. विहाराच्या कार्यालयाचा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर होता, तिथेही कोणी उचलेना. सगळे टाकीपाशी असणार. टाकीपाशी, हात जोडून, कोरड्या नळाकडे बघत.

“प्रासित!” फाटकातून हाक आली. खिम उडालीच.

लमून मावशी होत्या. त्यांच्या हातात भात वाफवायची वेताची टोपली होती, आणि टोपलीचा अर्धा तळ काळा ठिक्कर.

“तुझा बाप गेला नाही का अजून? त्याची गाडी वळणावर वाजली की मी भात उतरवते. आज वाजलीच नाही. पाणी आटलं, टोपली जळली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा!”

“बाबा गेले, मावशी. आवाज न होता गेले.”

“आवाज न होता? गाडी विकली की काय?”

“नाही, मी सामान लावलं.”

“कुठे लावलं?”

“गाडीतच. नीट लावलं.”

एखाद्याच्या घरात आजारपण आहे असं कळल्यावर माणूस जसा जवळ सरकतो, तशा मावशी जवळ सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, “बापाला ठाऊक आहे हे?”

“त्यांना आवडलं.”

“असं तो म्हणाला?”

“फार छान आहे म्हणाले.”

“हं,” मावशी म्हणाल्या. “मी पहिल्यांदा खानोम चीन केलं तेव्हा माझा नवरापण असंच म्हणाला होता. मग दोन वर्षं तो नूडल बाहेर खात होता.”

एवढ्यात त्यांची नजर टेबलाकडे गेली. तिथे एका कागदावर, सुकायला ठेवलेलं, ते मळकट स्टिकर होतं. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘ही गाडी पिवळी आहे.’

“हे इथे काय करतंय?”

“मी काढलं. मावशी, लोक हसतात हो. गाडी आपली निळी, आणि मागे लिहिलंय पिवळी आहे. धंद्याच्या गाडीवर असं काही...”

मावशींनी जळकी टोपली टेबलावर ठेवली आणि त्या खुर्चीत बसल्या.

“पोरी, तुझा बाप कुठल्या वारी जन्मला?”

“रविवारचा.”

“रविवारच्या माणसाला कुठला रंग वाईट?”

“निळा,” खिम पुटपुटली.

“आपला अख्खा फ्रे जिल्हा निळे सदरे घालतो. शेतावर निळा, शाळेत निळा, तिरडीमागे निळा. तुझ्या बापाला कधी निळ्यात पाहिलंस? लग्नात पिवळा घालून उभा होता. लांबून वाटत होतं, केळ्यांचा घड उभा आहे. बिचाऱ्याला गाडी मिळाली ती नेमकी निळी. म्हणून ज्योतिषाला विचारून हे लावलं. आणि तू काढलंस!”

“पण मावशी, गाडी तर निळीच होती. स्टिकर लावलं म्हणून काय...”

“डोळ्यांना निळी होती. नशिबाला पिवळी होती. आता नशिबालापण निळीच दिसणार.” मावशींनी आवाज खाली आणला. “आणि आज वार कोणता?”

खिमला सांगायची गरज नव्हती. चार वर्षं विद्यापीठात तिनं या असल्या गोष्टींवर विश्वास ठेवला नव्हता. पण विद्यापीठात असताना तिच्या हातात ‘नोंग-साय विहार, रविवार’ असं लिहिलेलं वायसरही नव्हतं.

“मावशी, मला नोंग-सायला जायलाच हवं. आत्ता.”

“मग बस की माझ्या गाडीत. मी त्याच रस्त्यानं जाते.”

मावशींची गाडी म्हणजे मोटारसायकल, आणि तिच्या कुशीला जोडलेला चाकांचा ओटा. ओट्यावर पेटलेली शेगडी, शेगडीवर जाळी, जाळीवर भाजत असलेली केळी. खिम केळ्यांच्या टोपलीशेजारी एका उलट्या क्रेटवर बसली. एका हातात वायसर, दुसऱ्या हातात स्टिकर, आणि फोन दोन्ही गुडघ्यांत धरलेला.

“याचा चीक गेलाय हो, मावशी. चिकटणार नाही.”

“करपला तरी भात चिकट भातच आहे. थोडा घेऊन जाऊ. डकवून टाकू, कोणाला कळतंय.”

नोंग-साय अकरा किलोमीटर. मोटारसायकल निखारे उडू नयेत इतक्याच वेगानं चालत होती. एक कुत्रा बराच वेळ त्यांच्या बरोबरीनं चालला, मग कंटाळून पुढे निघून गेला.

“मावशी, जरा जोरात नाही का जाता येणार?”

“जोरात गेलं की एका बाजूनं भाजतात.”

आरोग्य केंद्रापाशी गाडी थांबली. दोन परिचारिका बाहेर आल्या. खिमनं बाबांना फोन लावला. वाजला, वाजला, बंद.

“नवी मुलगी ठेवली का, मावशी?” एकीनं विचारलं.

“प्रासित मिस्त्रीची आहे. पदवीधर.”

“अय्या, मग केळी का भाजतेय?”

“भाजत नाहीये, काळजी करतेय,” मावशी म्हणाल्या. “तिला करू दे, चांगली येते तिला.”

पुढे लाकडाच्या वखारीपाशी थांबली. खिमनं आईला फोन लावला. मग सागाच्या झाडांचा पट्टा संपल्यावर शाळेच्या फाटकापाशी थांबली, आणि तेव्हा घड्याळात नऊ सदतीस झाले होते. रविवार असला तरी फाटकात एक म्हातारे गुरुजी काठी टेकून उभे होते.

“हे गुरुजी रविवारीपण येतात?” खिमनं विचारलं.

“शाळेला नाही, केळ्याला येतात.”

मावशी गुरुजींशी त्यांच्या गुडघ्यांविषयी बोलू लागल्या. खिम जाळीकडे बघत बसली. नऊ अडतीस. आत्ता भन्त्यांचं मंत्रपठण संपत आलं असेल. बाबा डब्यांपुढे उभे असतील. ‘वायसर, लहान’. ‘वायसर, मध्यम’. ‘वायसर, मोठे’. तिन्ही डबे उघडून झाले असतील. बुनलू मिस्त्री मागे हाताची घडी घालून उभे असतील. नऊ एकोणचाळीस. पाणी आलं की ढोल वाजणार होता. तिनं कान दिला. सात किलोमीटरवरचा ढोल ऐकू येत नाही हे तिला कळत होतं. तरी तिनं कान दिला, आणि ढोल ऐकू आला नाही.

“अगं अगं अगं! काय करतेस?”

खिम दचकली. आपल्या हातात चिमटा आहे हे तिला तेव्हा कळलं. काळजीच्या भरात तिनं जाळीवरची केळी लावून टाकली होती. लहान डावीकडे, मोठी उजवीकडे, आणि त्यातही हिरवट ते काळपट अशी क्रमानं.

“मी... नीट दिसावीत म्हणून...”

“नीटच होती!” मावशींनी तिच्या हातातून चिमटा काढून घेतला. “कोपऱ्यातलं मऊ केळं गुरुजींचं, त्यांना दात नाहीत. कडेचं करपलेलं टपालवाल्याचं, त्याला तसंच लागतं. मधली फाट्यावरच्या बायकांची, त्यांना गोड नको. आता कुठलं कोणाचं? गुरुजी, तुम्हीच सांगा, तुमचं कुठलं?”

गुरुजींनी चष्मा पुसला आणि जाळीकडे बराच वेळ बघितलं.

“फार सुंदर लावलीयेत,” ते म्हणाले. “खावंसं वाटत नाही.”

गाडी निघाली. खिम जाळीकडे पाठ करून बसली. मावशींनाही बहुतेक वाईट वाटलं, कारण थोड्या वेळानं त्यांनी वळून एक केळं तिच्यापुढे धरलं. (ते कोणाचं होतं हे आता कळायला मार्ग नव्हता.)

“असं तोंड करू नकोस. बाप रागावेल, दोन दिवस बोलणार नाही, मग बोलेल.”

“ते रागवत नाहीत हो. तेच तर आहे. ते काहीच बोलणार नाहीत.” खिमला हुंदका आला. “मला फक्त त्यांना दाखवायचं होतं, की मी शिकले त्याचा काहीतरी उपयोग आहे. सात महिने घरात बसून खातेय मी. आणि केलं काय, तर नऊ भन्ते उपाशी ठेवले.”

“अजून बारा वाजले नाहीत.”

“वायसरशिवाय बारा वाजले काय नि न वाजले काय!”

मावशी पुढे वाकल्या. त्यांनी वेग वाढवला. लगेच दोन केळी एका बाजूनं काळी पडली, पण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, यावरून प्रसंग किती गंभीर आहे ते खिमला कळलं.

नोंग-सायचा फाटा आला तेव्हा दहा वाजून गेले होते. फाट्यावर चार बायका टोपल्या घेऊन वाट बघत होत्या. मावशींच्या शब्दांत, रोजच्या होत्या, त्यांना टाळून जाणं म्हणजे जन्माचं वैर. गाडी थांबली. खिम उतरली, एका झाडाखाली गेली आणि तिनं फोन काढला. बाबांना लावायची आता तिची हिंमत होईना. तिनं आईला लावला. एकविसावी वेळ. वाजतोय. वाजतोय. वाजतोय. आता बंद होणार, म्हणून तिनं फोन कानापासून काढला, आणि तेवढ्यात आतून आवाज आला.

“हॅलो? कोण? मोठ्यानं बोल, इथे ढोल चाललेत!”

“आई!” खिम इतक्या जोरानं ओरडली, की चारही बायकांनी टोपल्या छातीशी धरल्या. “आई, बाबांना सांग, वायसर माझ्याकडे आहे! मी फाट्यावर आहे, दहा मिनिटांत येते, त्यांना म्हणावं...”

“कसलं वायसर? पाणी केव्हाच आलं. बरोबर एकोणचाळीसला! भन्ते जेवायला बसतायत आता.”

खिमनं फोन दुसऱ्या कानाला लावला. पाणी आलं. मुहूर्तावर आलं. म्हणजे वायसर मिळालं. म्हणजे ‘वायसर, मोठे’ या डब्यात आणखी एखादं होतं, बाबांनी लेबल वाचलं, हात घातला, आणि ते हाताला लागलं. सात महिन्यांत पहिल्यांदाच तिची मान आपोआप ताठ झाली.

“डब्यातच मिळालं ना, आई? लेबल बघून?”

“कुठल्या डब्यात?”

“गाडीतल्या! मी लावलेल्या!”

“छे गं! गाडी उघडलीच नाही यांनी,” आई म्हणाली. “बुनलू मिस्त्रींचं पोतं मागून घेतलं, सायकलच्या ट्यूबचं वायसर कापून बसवलं, अर्ध्या तासात काम. मी म्हटलं, अहो, आपली गाडी आहे ना? तर म्हणतात, पोरीनं दोन दिवस खपून लावलंय, हात लावला तर विस्कटेल. कुलूप लावून चिंचेखाली उभी केलीय. गावातली माणसं रांगेनं काचेतून बघून जातायत. आणि खिम, ऐकतेस ना? यायचंच असेल तर लवकर ये. बुनलू मिस्त्रींची ती विकायला काढलेली जुनी गाडी आहे ना, हे आत्ता तिच्याखाली शिरून बघतायत. म्हणतात, आता कामासाठी एक वेगळी गाडी घ्यावीच लागणार.”